स्टब क्षेत्र (ओएसपीएफ)

स्टब क्षेत्र किंवा स्टब एरिया ही संगणक जाळ्यांतील ओएसपीएफ (ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट) या मार्गनिर्धारण प्रोटोकॉलमधील एक व्यवस्था आहे. जाळ्याच्या ज्या भागाला स्टब क्षेत्र म्हणून घोषित केले जाते, त्या भागात बाह्य मार्गांची माहिती पसरू दिली जात नाही. त्याऐवजी क्षेत्राच्या सीमेवरील राउटर एकच डिफॉल्ट मार्ग आत जाहीर करतो. त्यामुळे क्षेत्रातील राउटरांची स्मृती, त्यांची गणनाशक्ती आणि जोडणाऱ्या तारांची वहनक्षमता यांवरील भार कमी होतो. स्टब क्षेत्र, पूर्ण स्टब क्षेत्र आणि एनएसएसए (नॉट-सो-स्टबी एरिया) हे या व्यवस्थेचे प्रमुख प्रकार होत.

स्टब क्षेत्रामुळे बाह्य जगाशी होणारी वाहतूक थांबत नाही, फक्त बाह्य जगाच्या मार्गांची तपशीलवार यादी आत येणे थांबते. खेड्यातील टपाल कार्यालयात देशातील प्रत्येक टपाल कार्यालयाची यादी नसते. गावाबाहेरची सर्व पत्रे एका ठरावीक वर्गीकरण केंद्राकडे पाठविली, की पुढचा मार्ग ते केंद्र ठरविते. स्टब क्षेत्रातील राउटरही बाहेरची सर्व पॅकेटे याच रीतीने सीमेवरील राउटरच्या स्वाधीन करतात.

पार्श्वभूमी

ओएसपीएफ हा दुवा-स्थिती पद्धतीचा प्रोटोकॉल आहे. या पद्धतीत प्रत्येक राउटर स्वतःला जोडलेल्या दुव्यांची माहिती एका लहान निवेदनात नोंदवितो. या निवेदनाला लिंक-स्टेट ॲडव्हर्टाइझमेंट, संक्षेपाने एलएसए, म्हणतात. राउटर आपले एलएसए शेजाऱ्यांना देतो, शेजारी ते आपल्या शेजाऱ्यांना देतात आणि असे करत ते सर्व राउटरांपर्यंत पोहोचते. या क्रियेला पूर-प्रसारण किंवा फ्लडिंग म्हणतात. शेवटी प्रत्येक राउटरजवळ सर्व एलएसएंचा एकसारखा संग्रह तयार होतो. त्याला दुवा-स्थिती विदागार म्हणतात. या विदागारावर डाइक्स्ट्रा यांची रीत चालवून प्रत्येक राउटर स्वतःपासून प्रत्येक ठिकाणापर्यंतचा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग शोधतो.

सर्वांजवळ एकच नकाशा असणे हे या पद्धतीचे बळ आहे. मात्र त्यासाठी प्रत्येक निवेदन प्रत्येक राउटरला मिळालेच पाहिजे. जाळे मोठे झाले की हा भार झपाट्याने वाढतो. म्हणून ओएसपीएफमध्ये जाळ्याचे क्षेत्रांत विभाजन करण्याची सोय आहे. क्षेत्र ० ला बॅकबोन म्हणजेच कणा क्षेत्र म्हणतात आणि इतर सर्व क्षेत्रे त्याला जोडलेली असतात. एकाहून अधिक क्षेत्रांत पाय असलेल्या राउटरला क्षेत्र-सीमा राउटर किंवा एबीआर म्हणतात. एका क्षेत्राचा अंतर्गत नकाशा त्या क्षेत्राबाहेर जात नाही. एबीआर त्याचा केवळ सारांश दुसऱ्या क्षेत्राला कळवितो.

पूर-प्रसारणातील धोका

पूर-प्रसारण अनियंत्रित झाल्यास काय होते, याचा अनुभव इंटरनेटच्या पूर्वावतारात म्हणजे आर्पानेटमध्ये २७ ऑक्टोबर १९८० रोजी आला. आर्पानेटमधील राउटरांना त्या वेळी आयएमपी म्हणत. प्रत्येक आयएमपीच्या निवेदनावर ६ बिटांचा अनुक्रमांक असे आणि ते अंक चक्राकार पद्धतीने पुन्हा वापरले जात. यंत्रातील दोषामुळे काही बिट गळाले आणि एकाच आयएमपीच्या नावाची ८, ४० आणि ४४ अशा अनुक्रमांकांची तीन निवेदने जाळ्यात फिरू लागली. चक्राकार तुलनेत ४० हे ८ पेक्षा नवे, ४४ हे ४० पेक्षा नवे आणि ८ हे ४४ पेक्षा नवे ठरत होते. परिणामी प्रत्येक यंत्र तिन्ही निवेदने आळीपाळीने नवी समजून पुढे ढकलत राहिले आणि काही तास जाळे निरुपयोगी झाले. या घटनेचे विश्लेषण एरिक रोझेन यांनी आरएफसी ७८९ मध्ये केले आहे.

नंतरच्या प्रोटोकॉलांनी या घटनेपासून धडा घेतला. ओएसपीएफमध्ये अनुक्रमांक ३२ बिटांचा असून तो चक्राकार नसतो. प्रत्येक एलएसएला वय असते. ते १ तासाचे झाले की एलएसए बाद होते. तसेच प्रत्येक एलएसएवर त्रुटी ओळखणारी तपासणी बेरीज असते. मात्र हे उपाय सदोष निवेदनांपासून संरक्षण देतात. निवेदने निर्दोष असूनही त्यांची संख्याच प्रचंड असेल, तर वेगळ्या उपायांची गरज पडते. स्टब क्षेत्र हा त्या उपायांपैकी एक आहे.

बाह्य मार्ग

ओएसपीएफ ज्या जाळ्यात चालतो, त्याला स्वायत्त प्रणाली म्हणतात. तिच्याबाहेरून आलेल्या मार्गांना बाह्य मार्ग म्हणतात. इंटरनेटवरून बीजीपी प्रोटोकॉलने कळलेले मार्ग, भागीदार संस्थेच्या जाळ्यातून आरआयपीसारख्या जुन्या प्रोटोकॉलने आलेले मार्ग, तसेच व्यवस्थापकाने हाताने लिहिलेले स्थिर मार्ग हे सर्व या वर्गात मोडतात. असे मार्ग ओएसपीएफमध्ये आणण्याच्या क्रियेला पुनर्वितरण म्हणतात आणि ते करणाऱ्या राउटरला स्वायत्त प्रणाली सीमा राउटर किंवा एएसबीआर म्हणतात.

या विषयाशी संबंधित एलएसएंचे प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

- प्रकार १ : राउटरचे स्वतःच्या दुव्यांविषयीचे निवेदन. हे क्षेत्रापुरते मर्यादित असते.
- प्रकार २ : अनेक राउटरांना जोडणाऱ्या सामायिक जाळ्याविषयीचे निवेदन. हेही क्षेत्रापुरतेच असते.
- प्रकार ३ : दुसऱ्या क्षेत्रातील पत्त्यांचा सारांश. तो एबीआर तयार करतो.
- प्रकार ४ : एएसबीआरपर्यंत पोहोचण्याचा मार्ग. तोही एबीआर तयार करतो.
- प्रकार ५ : बाह्य मार्ग. तो एएसबीआर तयार करतो आणि तो संपूर्ण स्वायत्त प्रणालीत पसरतो.
- प्रकार ७ : एनएसएसए क्षेत्रात निर्माण झालेला बाह्य मार्ग. तो त्या क्षेत्रापुरता मर्यादित असतो.

प्रकार १ ते ४ ची निवेदने क्षेत्राच्या सीमेवर थांबतात किंवा तेथे नव्याने तयार होतात. प्रकार ५ चे निवेदन मात्र मूळ स्वरूपातच एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात जाते. एबीआर त्याचा सारांश करत नाही. त्यामुळे जाळ्याचे कितीही क्षेत्रांत विभाजन केले, तरी बाह्य मार्गांचा भार त्याने कमी होत नाही. स्टब क्षेत्राची गरज निर्माण होते ती येथे.

बाह्य मार्गांचा खर्च दोन प्रकारे मोजला जातो. पहिल्या प्रकारात (ई१) एएसबीआरपर्यंतचा अंतर्गत खर्च बाह्य खर्चात मिळविला जातो. दुसऱ्या प्रकारात (ई२) बाह्य खर्च कोणत्याही अंतर्गत खर्चापेक्षा मोठा मानला जातो. अंतर्गत अंतराचा विचार केवळ बाह्य खर्च समान असेल तेव्हाच होतो. एकाच ठिकाणासाठी दोन्ही प्रकारचे मार्ग असल्यास ई१ ला प्राधान्य मिळते.

बाह्य मार्गांचा भार

प्रकार ५ च्या एका एलएसएची लांबी ३६ बाइट असते. त्यांपैकी २० बाइट शीर्षभागाचे असतात. ८,००० बाह्य मार्ग असलेल्या जाळ्यात ही निवेदने २,८८,००० बाइट होतात आणि ती प्रत्येक राउटरला साठवावी लागतात. मोठ्या राउटरला हा साठा नगण्य वाटेल, परंतु शाखेतील लहान राउटरला मार्गतक्त्यासह तो सांभाळणे जड जाऊ शकते.

साठ्यापेक्षा वाहतुकीचा प्रश्न अधिक गंभीर असतो. एलएसए बाद होऊ नये म्हणून त्याचा निर्माता दर ३० मिनिटांनी त्याची नवी प्रत प्रसारित करतो. वरील उदाहरणात ही नूतनीकरणे समान अंतराने झाली, तर सेकंदाला सरासरी चार ते पाच एलएसए पसरतील. ती एकाच वेळी झाली, तर ६४ किलोबिट प्रतिसेकंद वेगाच्या दुव्यावरून केवळ ही निवेदने जाण्यास ३६ सेकंद लागतील. ओएसपीएफमध्ये शेजारी जिवंत असल्याची खूण म्हणून हॅलो पॅकेटे पाठविली जातात. सर्वसाधारण मांडणीत ४० सेकंदांत एकही हॅलो मिळाले नाही, तर शेजारी मृत समजला जातो. निवेदनांच्या गर्दीत हॅलो पॅकेटे अडकली, तर सुस्थितीतील दुवाही तुटला असे मानले जाते. त्यातून नवी निवेदने निघतात आणि गर्दी आणखी वाढते. अशा एलएसए-वादळात हॅलो आणि पोचपावत्यांना अग्रक्रम द्यावा, अशी शिफारस ऑक्टोबर २००५ मधील आरएफसी ४२२२ मध्ये करण्यात आली आहे.

तिसरा भार अस्थिरतेचा असतो. बाहेरील एखादा दुवा वारंवार बंद-चालू होत असेल, तर प्रत्येक वेळी एएसबीआर ते निवेदन मागे घेतो व पुन्हा जाहीर करतो. ज्या शाखेचा त्या ठिकाणाशी काहीही संबंध नाही, तेथील राउटरलाही हे प्रत्येक निवेदन स्वीकारावे, साठवावे आणि पुढे पाठवावे लागते. मात्र प्रकार ५ च्या निवेदनातील बदलामुळे संपूर्ण नकाशाची गणना पुन्हा करावी लागत नाही. केवळ त्या ठिकाणाच्या मार्गाचा फेरविचार पुरेसा असतो.

इंटरनेटवरील सर्व मार्ग चुकून ओएसपीएफमध्ये पुनर्वितरित होणे ही यातील सर्वांत धोकादायक परिस्थिती होय. १२ ऑगस्ट २०१४ रोजी आयपीव्ही४ मार्गांच्या जागतिक तक्त्याने ५,१२,००० ची संख्या ओलांडली. काही जुन्या राउटरांच्या स्मृतीची मर्यादा तेवढ्यावरच होती. त्यामुळे त्या दिवशी अनेक जाळ्यांत व्यत्यय आले. तेवढे मार्ग ओएसपीएफमध्ये आणल्यास प्रत्येक राउटरवर १ कोटी ८४ लाख बाइटांची केवळ बाह्य निवेदने जमा होतील. ओएसपीएफची रचना असा भार वाहण्यासाठी झालेली नाही.

इतिहास

ओएसपीएफची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९८९ मध्ये आरएफसी ११३१ म्हणून प्रसिद्ध झाली. जॉन मॉय हे तिचे लेखक होते. या आवृत्तीत स्टब क्षेत्र नव्हते. अनेक स्वायत्त प्रणालींमध्ये विदागाराचा मोठा भाग बाह्य निवेदनांनीच व्यापलेला असतो, हे लक्षात आल्यावर जुलै १९९१ मधील दुसऱ्या आवृत्तीत (आरएफसी १२४७) स्टब क्षेत्राची भर घालण्यात आली. दुसऱ्या आवृत्तीचे सध्याचे प्रमाण विनिर्देश एप्रिल १९९८ मधील आरएफसी २३२८ मध्ये आहेत.

एनएसएसएची व्याख्या रॉब कोल्टन आणि व्हिन्स फुलर यांनी मार्च १९९४ मध्ये आरएफसी १५८७ द्वारे केली. अमेरिकेतील एनएसएफनेट या जाळ्याशी जोडलेल्या प्रादेशिक जाळ्यांना अनेक लहान संस्था जोडलेल्या होत्या. त्यांचे थोडेसे मार्ग आत घ्यावे लागत, पण बाहेरचे सर्व मार्ग त्यांच्यापर्यंत नेण्याचे कारण नव्हते. स्टब क्षेत्रात बाह्य मार्ग आणताच येत नसल्याने तडजोडीचा हा प्रकार पुढे आला. पॅट मर्फी यांनी जानेवारी २००३ मध्ये आरएफसी ३१०१ द्वारे त्यात सुधारणा केल्या.

कार्यपद्धती

एखादे क्षेत्र स्टब म्हणून घोषित केले, की त्याचा एबीआर प्रकार ५ ची निवेदने त्या क्षेत्रात पाठवीत नाही. बाह्य मार्गच नसल्याने एएसबीआरचा ठावठिकाणा सांगणारी प्रकार ४ ची निवेदनेही अनावश्यक ठरतात व तीही पाठविली जात नाहीत. त्यांच्या जागी एबीआर ०.०.०.०/० हा डिफॉल्ट मार्ग प्रकार ३ चे निवेदन म्हणून जाहीर करतो. हे निवेदन केवळ २८ बाइटांचे असते. इतर क्षेत्रांचे प्रकार ३ चे सारांश मात्र स्टब क्षेत्रात येत राहतात. त्यामुळे स्वायत्त प्रणालीच्या आतील ठिकाणांसाठी नेमका मार्ग आणि बाहेरील ठिकाणांसाठी डिफॉल्ट मार्ग अशी विभागणी होते.

क्षेत्रातील सर्व राउटरांनी ते क्षेत्र स्टब असल्याचे मान्य करणे आवश्यक असते. एक राउटर बाह्य निवेदने धरून आणि दुसरा ती वगळून मार्ग ठरवू लागला, तर पॅकेटे दोघांमध्येच फिरत राहण्याचा संभव असतो. म्हणून हॅलो पॅकेटात ई-बिट नावाची खूण असते. सामान्य क्षेत्रात ती १ आणि स्टब क्षेत्रात ० असते. दोन राउटरांच्या खुणा जुळल्या नाहीत, तर त्यांच्यात शेजारसंबंधच प्रस्थापित होत नाही. क्षेत्र स्टब करताना एखाद्या राउटरवरील बदल राहून गेल्यास तो राउटर जाळ्यापासून तुटलेला दिसतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

स्टब क्षेत्रावर पुढील बंधने असतात.

- कणा क्षेत्र (क्षेत्र ०) स्टब करता येत नाही, कारण बाह्य निवेदने एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात त्यातूनच जातात.
- स्टब क्षेत्रातून आभासी दुवा नेता येत नाही. कणा क्षेत्रापासून दूर असलेल्या क्षेत्राला मधल्या क्षेत्रातून जोडणारा हा दुवा म्हणजे कणा क्षेत्राचाच भाग असतो.
- स्टब क्षेत्राच्या आत एएसबीआर ठेवता येत नाही, कारण त्याने तयार केलेली प्रकार ५ ची निवेदने तेथे चालत नाहीत.

प्रकार

पूर्ण स्टब क्षेत्र : यात बाह्य मार्गांबरोबरच इतर क्षेत्रांचे प्रकार ३ चे सारांशही अडविले जातात. आत येतो तो केवळ एक डिफॉल्ट मार्ग. आरएफसी २३२८ नुसार स्टब क्षेत्रात सारांश पाठविणे ऐच्छिक आहे आणि त्याच सवलतीचा हा उपयोग आहे. टोटली स्टबी हे नाव मात्र सिस्को कंपनीच्या परिभाषेतून रूढ झाले. सारांश अडविण्याची सूचना केवळ एबीआरवर द्यावी लागते. आतील राउटरांच्या दृष्टीने ते नेहमीचे स्टब क्षेत्रच असते. एकाच एबीआरने बाहेर जोडलेल्या शाखांसाठी हा प्रकार विशेष सोयीचा आहे, कारण बाहेर जाण्यास दुसरी वाटच नसल्याने अधिक माहितीचा तेथे उपयोग नसतो.

एनएसएसए : या क्षेत्रात बाहेरून येणारी प्रकार ५ ची निवेदने अडविली जातात, पण क्षेत्राच्या आत एएसबीआर असू शकतो. तो आपले बाह्य मार्ग प्रकार ७ च्या निवेदनांत मांडतो. ही निवेदने त्या क्षेत्राबाहेर जात नाहीत. सीमेवरील एबीआर त्यांचे प्रकार ५ मध्ये रूपांतर करून ती कणा क्षेत्रात सोडतो. रूपांतर व्हावे की नाही, हे प्रकार ७ च्या निवेदनातील पी-बिट सांगतो. तो ० असल्यास मार्ग त्या क्षेत्रापुरताच राहतो. एबीआर एकाहून अधिक असल्यास आणि व्यवस्थापकाने वेगळी नेमणूक केली नसल्यास, सर्वांत मोठा राउटर-क्रमांक असलेला एबीआर रूपांतराचे काम करतो. अनेक लहान मार्ग एका मोठ्या पत्त्यात एकत्र करून बाहेर सांगण्याची सोयही रूपांतराच्या वेळी असते. एनएसएसएची ओळख हॅलो पॅकेटातील एन-बिटाने पटते.

एनएसएसएतील डिफॉल्ट मार्गाबाबत दक्षता घ्यावी लागते. काही उत्पादकांच्या राउटरांवर स्टब क्षेत्रात तो आपोआप जाहीर होतो, पण एनएसएसएमध्ये त्यासाठी स्वतंत्र सूचना द्यावी लागते. ती राहून गेल्यास इतर क्षेत्रांतील बाह्य ठिकाणे या क्षेत्रातून अगम्य होतात.

पूर्ण एनएसएसए : हा वरील दोन प्रकारांचा संयोग होय. इतर क्षेत्रांचे सारांश व बाह्य मार्ग दोन्ही अडविले जातात, डिफॉल्ट मार्ग प्रकार ३ मधून येतो आणि आतील बाह्य मार्ग प्रकार ७ मधून बाहेर जातात.

| क्षेत्राचा प्रकार | प्रकार ३ | प्रकार ४ | प्रकार ५ | प्रकार ७ | आत एएसबीआर |
|---|---|---|---|---|---|
| सामान्य | येतात | येतात | येतात | नाही | चालतो |
| स्टब | येतात | नाही | नाही | नाही | चालत नाही |
| पूर्ण स्टब | केवळ डिफॉल्ट | नाही | नाही | नाही | चालत नाही |
| एनएसएसए | येतात | नाही | नाही | असतात | चालतो |
| पूर्ण एनएसएसए | केवळ डिफॉल्ट | नाही | नाही | असतात | चालतो |

प्रकार १ व २ ची निवेदने प्रत्येक क्षेत्रात असतातच.

उदाहरण

एका संस्थेच्या मुख्यालयातील जाळे क्षेत्र ० मध्ये आहे आणि तेथील एएसबीआर ८,००० बाह्य मार्ग आणतो, असे समजू. क्षेत्र १ मध्ये एकाच एबीआरने जोडलेल्या वीस शाखा आहेत. क्षेत्र २ मध्ये एक कारखाना असून त्याच्या राउटरला पुरवठादाराचे लहान जाळे आरआयपीने जोडलेले आहे.

दोन्ही क्षेत्रे सामान्य ठेवली, तर प्रत्येक शाखेला ८,००० बाह्य निवेदने सांभाळावी लागतील. क्षेत्र १ पूर्ण स्टब केले, की तेथील राउटरांच्या विदागारात क्षेत्राची स्वतःची निवेदने आणि डिफॉल्ट मार्गाचे एक निवेदन एवढेच उरते. मुख्यालयाबाहेरचा एखादा दुवा दिवसभर बंद-चालू होत राहिला, तरी शाखांना त्याची खबरही लागत नाही. क्षेत्र २ मात्र स्टब करता येणार नाही, कारण तेथे पुरवठादाराचे मार्ग आत आणणारा एएसबीआर आहे. ते एनएसएसए केल्यास पुरवठादाराचे मार्ग प्रकार ७ मधून सीमेपर्यंत येतील व तेथे प्रकार ५ होऊन मुख्यालयाला कळतील. मुख्यालयाचे ८,००० मार्ग मात्र कारखान्यात शिरणार नाहीत. पुरवठादाराचे मार्ग क्षेत्र १ मधील शाखांनाही स्वतंत्रपणे कळणार नाहीत, तरी त्यांची पॅकेटे डिफॉल्ट मार्गाने मुख्यालयात आणि तेथून कारखान्याकडे पोहोचतील.

तोटे आणि मर्यादा

माहिती कमी केल्याची किंमत मार्गाच्या अचूकतेत मोजावी लागते. स्टब क्षेत्राला क आणि ख असे दोन एबीआर असतील, तर आतील राउटर जवळचा एबीआर निवडतो. त्याच्या पलीकडे किती अंतर आहे, हे त्याला ठाऊक नसते. राउटरपासून क पर्यंतचा खर्च १० आणि ख पर्यंतचा २० आहे, तर बाह्य ठिकाणाचा खर्च क पासून १०० आणि ख पासून १० आहे, असे मानू. पूर्ण माहिती असती, तर ख मार्गे ३० खर्चाचा मार्ग निवडला गेला असता. स्टब क्षेत्रात दोघांचे डिफॉल्ट मार्ग सारख्याच खर्चाने जाहीर झाले असल्यास राउटर क निवडतो आणि प्रत्यक्ष खर्च ११० होतो. दोन एबीआरांच्या डिफॉल्ट मार्गांना वेगवेगळे खर्च देऊन हा दोष काही अंशी सुधारता येतो, परंतु प्रत्येक ठिकाणासाठी स्वतंत्र निवड करता येत नाही.

अस्तित्वात नसलेल्या पत्त्याची पॅकेटेही डिफॉल्ट मार्गामुळे सीमेपर्यंत प्रवास करतात आणि तेथे टाकून दिली जातात. संपूर्ण माहिती असलेला राउटर त्यांना आरंभीच नाकारू शकला असता.

एमपीएलएस तंत्र वापरणाऱ्या सेवादात्यांच्या जाळ्यांत आणखी एक अडचण येते. तेथे एलडीपी प्रोटोकॉलला दूरच्या राउटराचा नेमका पत्ता मार्गतक्त्यात लागतो. पूर्ण स्टब क्षेत्रात तो न आल्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा लेबल-मार्ग तयार होत नाही. यासाठी सर्वांत लांब जुळणीवर आधारित पर्याय आरएफसी ५२८३ मध्ये दिला आहे.

इतर उपाय

स्टब क्षेत्र माहितीचा प्रसार रोखते, पण तिची निर्मिती रोखत नाही. म्हणून पुढील उपाय त्याच्या जोडीने वापरले जातात.

- पुनर्वितरण करताना चाळणी लावून आवश्यक तेवढेच मार्ग आत घेणे. आत घेतलेलेच नाहीत, ते कोठेही पसरत नसल्याने हा सर्वांत मूलगामी उपाय ठरतो.
- एएसबीआरवर अनेक बाह्य मार्ग एका मोठ्या पत्त्यात एकत्र करणे. १०.२०.०.०/२४ पासून १०.२०.२५५.०/२४ पर्यंतचे २५६ मार्ग १०.२०.०.०/१६ या एका निवेदनात मावतात. त्यांपैकी एखादा बंद पडला, तरी एकत्रित निवेदन बदलत नाही.
- पुनर्वितरित मार्गांच्या संख्येवर कमाल मर्यादा घालणे. अनेक राउटरांवर ही सोय असते.
- बाह्य निवेदनातील ३२ बिटांच्या टॅगचा वापर करणे. एका ठिकाणी आत आलेला मार्ग दुसऱ्या ठिकाणी बाहेर पडून पुन्हा आत येऊ नये, यासाठी त्याचा उपयोग होतो.
- विदागार ओसंडण्यावरील उपाय. मार्च १९९५ मधील आरएफसी १७६५ मध्ये जॉन मॉय यांनी बाह्य निवेदनांच्या संख्येवर मर्यादा सुचविली. मर्यादा गाठताच राउटर स्वतःची डिफॉल्टेतर बाह्य निवेदने मागे घेतो. ही पद्धत प्रायोगिक स्वरूपाची आहे.

ओएसपीएफची तिसरी आवृत्ती

आयपीव्ही६ साठी तयार झालेल्या तिसऱ्या आवृत्तीची (आरएफसी २७४०, १९९९, सुधारित आरएफसी ५३४०, २००८) रचना वेगळी असली, तरी स्टब क्षेत्र आणि एनएसएसए यांची कल्पना तीत कायम आहे. डिफॉल्ट मार्ग तेथे ::/० असा लिहिला जातो. संपूर्ण स्वायत्त प्रणालीत पसरणारी अपरिचित प्रकारची निवेदने स्टब क्षेत्रात येऊ नयेत, याचीही तरतूद या आवृत्तीत आहे.

इतर प्रोटोकॉलांमधील समांतर व्यवस्था

आयएस-आयएस या दुवा-स्थिती प्रोटोकॉलमध्ये पहिल्या स्तराचे क्षेत्र मुळातच पूर्ण स्टब क्षेत्रासारखे वागते. दोन्ही स्तरांवर काम करणारा राउटर आपल्या निवेदनात संलग्नतेचा बिट लावतो आणि आतील राउटर अशा सर्वांत जवळच्या राउटरकडे डिफॉल्ट मार्ग धरतात. त्यातून उद्भवणारा अचूकतेचा प्रश्न सोडविण्यासाठी वरच्या स्तरावरील निवडक मार्ग खाली उतरविण्याची पद्धत आरएफसी २९६६ मध्ये आणि पुढे आरएफसी ५३०२ मध्ये दिली गेली. ओएसपीएफमध्ये माहिती आधी सर्वत्र पसरते व नंतर ती अडवावी लागते, तर आयएस-आयएसमध्ये ती आधी अडलेली असते व गरजेनुसार सोडावी लागते.

सिस्कोच्या ईआयजीआरपी प्रोटोकॉलमध्येही स्टब राउटर ही संज्ञा आहे, पण तिचा हेतू निराळा आहे. तेथे स्टब राउटरला पर्यायी मार्गाची विचारणा केली जात नाही आणि त्यामुळे विचारणांचा प्रसार मर्यादित राहतो.

संज्ञेविषयी

स्टब क्षेत्र आणि स्टब जाळे या संज्ञांची गल्लत केली जाते. ज्या जाळ्यावर दुसरा राउटर नसून केवळ अंतिम संगणक असतात, त्याला ओएसपीएफमध्ये स्टब जाळे म्हणतात आणि ते कोणत्याही क्षेत्रात असू शकते. स्टब क्षेत्र मात्र अनेक राउटर व जाळी यांचा समूह असतो. इंग्रजीत स्टब म्हणजे तोडलेल्या फांदीचे उरलेले खुंट. ज्यातून पलीकडे वाट जात नाही, असा भाग या अर्थाने ही संज्ञा वापरली जाते.

सद्यस्थिती

राउटरांची स्मृती आणि दुव्यांचा वेग १९९१ च्या तुलनेत अनेक पटींनी वाढला आहे. त्यामुळे केवळ साठा वाचविण्यासाठी स्टब क्षेत्र करण्याची निकड पूर्वीइतकी राहिलेली नाही आणि मध्यम आकाराची अनेक जाळी एकाच क्षेत्रात चालविली जातात. मात्र मंद दुव्यांवरील शाखा आणि मर्यादित क्षमतेची उपकरणे यांच्यासाठी ही व्यवस्था आजही उपयुक्त आहे. दोषाची व्याप्ती सीमित ठेवणे हा तिचा दुसरा आणि अधिक टिकाऊ लाभ होय. मुख्यालयातील पुनर्वितरणात चूक होऊन हजारो अनावश्यक मार्ग जाळ्यात शिरले, तरी स्टब क्षेत्रातील राउटरांपर्यंत ते पोहोचत नाहीत आणि त्या शाखांचे आपापसातील दळणवळण सुरू राहते.

हेही पाहा

- ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट
- बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल
- आयएस-आयएस
- राउटर
- आर्पानेट
- डाइक्स्ट्राची रीत